वजन लागेपर्यंत

३ ऑक्टोबर, शनिवार. पाणी ७५ फॅरनहाइट.

ही वही फक्त माशांसाठी आहे. बोटीतला माझा जोडीदार वेंडेल म्हणाला, "कुठल्या दिवशी, कुठल्या ओढ्यात, पाणी किती गार, आमिष कुठलं, मासा आला की गेला, सगळं लिहून ठेव. मग तुझं काय चुकतंय ते तुलाच कळेल." माझं काही चुकत नाही. पण वही आणली आहे तर लिहितो. घरगुती भानगडी हिच्यात येणार नाहीत.

टकर तळं, हिकरी ओढ्याचं तोंड. सकाळी साडेसहा ते नऊ. आमिष: खोटं, लाकडी, पाण्यावर डोलत चालणारं, रुपेरी. सात वेळा बास मासा खालून उसळला. सातही वेळा गेला.

पाण्यावरच्या आमिषाचा नियम एकच आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पाणी फुटलं, मासा दिसला, तरी हिसका द्यायचा नाही. त्याने आमिष तोंडात घेऊन खाली वळायला हवं, काठीला वजन लागायला हवं, मग ओढायचं. डोळ्यांनी पाहून ओढणाऱ्याच्या हाती रिकामी दोरी येते. मला हा नियम पन्नास वर्षं पाठ आहे. या उन्हाळ्यापासून हातालाच तो आठवत नाही. पाणी फुटतं आणि आमिष माझ्या डोक्यावरून मागे जातं. मागे वेंडेल बसलेला असतो.

निघताना ओपल दारात म्हणाली, "हॉलिस, मला वाटतं, मी—"

"नवा फ्रिज. ठरलं. सोमवारी बघतो."

जुना घरघरतो हे मला काय ऐकू येत नाही? बायकोच्या मनातलं तिच्याआधी ओळखणारा नवरा अख्ख्या अलाबामात दुसरा नसेल. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिला एक वाक्य पुरं करायचे कष्ट पडले नाहीत.

६ ऑक्टोबर, मंगळवार. पाणी ७३.

मासा: चार वेळा आला, चार वेळा गेला.

ओपल पहाटे साडेपाचला चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली. ऑगस्टपासून ती मेथडिस्ट झाली आहे. चौतीस वर्षं माझ्याशेजारी बाप्टिस्ट बाकावर बसली आणि एका रविवारी रस्ता ओलांडून समोर गेली. मी समजून घेतलं. तिचा आवाज खालच्या पट्टीतला आहे आणि त्यांच्याकडे खालच्या पट्टीची टंचाई असणार. तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी, उजाडायच्या आत. साडेआठला आली तेव्हा बूट चिंब. मेथडिस्ट लोक बाप्तिस्म्याला डोक्यावर चार थेंब शिंपडतात हे मला माहीत होतं, पण बूट भिजेपर्यंत? आम्ही बाप्टिस्ट निदान माणसाला एकदाच आणि अख्खा बुडवतो.

दुपारी ती म्हणाली, "हॉलिस, मी तुझं ते जुनं—"

"टाक धुवायला," मी म्हटलं. जाकीटच म्हणत असणार.

नवा फ्रिज आला. जुना पडवीत ठेवला, तिथेही तो घरघरतोच.

११ ऑक्टोबर, रविवार. तळ्यावर गेलो नाही.

आज पावणेबाराला आमचं चर्च सुटलं. बारा वाजता मी मर्लच्या खानावळीत खिडकीजवळ बसून पीच फळांचा गरम, गोड कॉब्लर खात होतो. सव्वाबाराला मेथडिस्ट सुटले आणि काचेबाहेर रांगेत उभे राहिले. रांगेत ओपल. मी चमचा उंचावून तिला दाखवला, म्हणजे तिला बरं वाटेल.

कधी मलाच विसर पडला तर वहीत असावं म्हणून लिहितो. पिकेट्स फेरी गावात चर्च दोन, खानावळ एक, खुर्च्या शेहेचाळीस. पूर्वी दोन्ही चर्च बाराला सुटायची आणि प्रभूच्या दिवशी मर्लच्या दारात कोपराकोपरी व्हायची. शेवटी एकतीस वर्षांपूर्वी तोडगा निघाला. नोव्हेंबरचा पहिला शनिवार, प्रत्येक चर्चची एक बोट, बोटीत दोघं, उजाडल्यापासून दुपारपर्यंत पाच मासे. ज्यांचे पाच जड, ते वर्षभर पावणेबाराला सुटणार. हरलेले सव्वाबाराला. त्या अर्ध्या तासात कॉब्लर संपतो, हरलेल्यांना कोरडी कोंबडी मिळते.

फक्त पाण्यावरचं आमिष, ही अट मेथडिस्टांची. त्यांचे तेव्हाचे पाद्री म्हणाले होते, "बुडवण्यात तुम्ही पटाईत. खोल पाण्यात तुम्ही जिंकणार. स्पर्धा वरच्यावर हवी." आम्ही मान्य केलं. बुडवायचं म्हटलं तरी आधी वरचं पाणी लागतंच.

तीन वर्षं आम्ही जिंकतोय आणि तिन्ही वर्षं बोटीच्या पुढच्या खुर्चीत मी होतो. आमचे पाद्री ब्रदर लॅनी आज हात दाबून म्हणाले, "हॉलिस, मंडळी तुझ्या भरवशावर आहेत." मी सात आणि चार माशांचं काही बोललो नाही.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. पाणी ७०.

तीन आले, तीन गेले.

तालमीहून आल्यावर ओपलच्या उजव्या अंगठ्याची साल निघालेली दिसली, आतल्या बाजूने खरवडल्यासारखी. मी हात धरून उजेडात नीट पाहिलं. बास माशाला खालच्या ओठात अंगठा घालून उचललं की त्याच्या कानशीसारख्या दातांनी अशीच साल निघते. वेंडेलचा अंगठा बारा महिने असाच असतो. म्हणजे किसणी. त्यांच्या चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांकडून गाजरं किसून घेतात, दुसरं काय?

"हॉलिस, हे असं झालंय की—"

"बोलू नकोस. आत्ताच आणतो."

विजेवर चालणारी किसणी आणली. ओपल बराच वेळ खोक्याकडे बघत बसली. आनंदाने माणूस असा सुन्न होतो.

१७ ऑक्टोबर, शनिवार. पाणी ६८.

आता खरा हंगाम. पाणी गार व्हायला लागलं की चांदीसारखी बारकी मासळी थव्याने ओढ्यांच्या आतल्या टोकाला शिरते, आणि तिच्यामागे मोठे मासे. वरच्या वर खातात, आवाज करून खातात. असे पाच आठवडे. मग पाणी पंचावन्नच्या खाली गेलं की संपलं सगळं, वसंतापर्यंत कोणी वर बघत नाही.

नऊ वेळा पाणी फुटलं. नवव्या वेळी आमिष मागे गेलं ते वेंडेलच्या कानात अडकलं. म्हणजे कानातल्या यंत्रात. यंत्र उडून तळ्यात पडलं आणि, देवाशपथ, एका माशाने ते खालून येऊन गिळलं. दिवसभरात आमच्या बोटीने माशाच्या पोटात घातलेली तेवढी एकच वस्तू.

"मला आता काही ऐकू येत नाही," वेंडेल म्हणाला.

"माफ कर रे बाबा!"

"काय?"

तीस वर्षं मी परगण्याच्या रस्त्यांवर 'वाहने सावकाश हाका'च्या पाट्या रोवल्या. माझ्या हाताने रोवल्या. आणि आता त्याच हाताला उतावळेपणाचा रोग लागावा?

१९ ऑक्टोबर, सोमवार.

आबांचा लाकडी बेडूक, म्हणजे त्यांचं जुनं आमिष, हरवला. माझ्या वडिलांनी स्वतः कोरलेला, लाल डोक्याचा, शेपटीला एक छोटा पंखा, अंगभर दातांच्या खुणा. मी तो पाण्यात टाकत नाही, डब्यात जपून ठेवतो. डबा रिकामा. डब्याचा ठावठिकाणा फक्त तिघांना माहीत: मी, ओपल आणि वेंडेल. ओपल माशाला हात लावत नाही. म्हणजे वेंडेल.

तिला आवडच नाही मासेमारीची. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा नेलं होतं. मागच्या खुर्चीत दोन तास गप्प बसली आणि म्हणाली, "हॉलिस, मला—" "कंटाळा आला," मी म्हटलं आणि बोट वळवली. त्यानंतर एकदाही तिला तो त्रास दिला नाही.

आजपासून वेंडेलशी बोलणं बंद.

२२ ऑक्टोबर, गुरुवार. पाणी ६६.

तीन दिवस मी वेंडेलशी अबोला धरला. आज त्याचं नवं यंत्र आलं. कानात घालून म्हणाला, "हां, आता बोल." त्याला काही कळलंच नव्हतं. मला सगळा अबोला पहिल्यापासून समजावून सांगावा लागला.

"तुझा बेडूक मी कशाला घेऊ?" तो म्हणाला. "आणि घेतला असता तर आपण एकाच बोटीत असतो ना रे शहाण्या, दिसला नसता?"

हे बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलला.

ब्रदर लॅनींनी उपाय सांगितला होता: पाणी फुटलं की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचं आणि मगच ओढायचं. आज करून पाहिलं. पहिल्या माशाला मी 'हे' म्हणतानाच ओढलं. दुसऱ्याला जिद्दीने सगळी प्रार्थना म्हटली, आमेनपर्यंत. तोवर मासा आमिष थुंकून, बहुतेक घरी जाऊन, झोपलाही असेल.

२४ ऑक्टोबर, शनिवार. पाणी ६५.

वेंडेलच्या डोक्यातून निघालेला उपाय. "तू डोळ्यांनी ओढतोस. डोळेच बांध."

बांधले. ओपलचा जाड रुमाल घेतला. मासा उसळल्याचा आवाज आला आणि मी ओढलं. "मग कान पण," वेंडेल म्हणाला. कानांत कापूस कोंबला. आता मी आंधळा आणि बहिरा, आणि वेंडेलने नवं यंत्र माझ्या भीतीने खिशात घातलेलं. बोटीचं पाय दाबून चालवायचं यंत्र पुढच्या खुर्चीपाशी असतं हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. वेंडेल म्हणाला होता, खुर्च्या बदलू. पण पुढची खुर्ची मी कोणाला देत नाही. पुढच्याला ताजं पाणी मिळतं, तो आधी टाकतो. मागच्याच्या नशिबी उष्टं पाणी. प्रत्यक्ष प्रेषित पेत्र, तोही मूळचा कोळीच, बोटीत आला तरी त्याला मागे बसावं लागेल.

माझा पाय दाबलेलाच राहिला असावा. कशाला तरी धडकलो, मी खुर्चीतून घसरलो, रुमाल वर सरकला. आम्ही मेथडिस्टांच्या धक्क्याखाली होतो. वर त्यांच्या पाद्रीणबाई, पास्टर गेल, कॉफीचा कप घेऊन उभ्या. मला म्हणाल्या, "काय हॉलिस, सगळं ठीक?" मी कापूस काढून म्हटलं, "तुमचा खांब जरा पुढे आलाय."

तिथून निघताना त्यांची बोट ओढ्याच्या आत दिसली. पिवळ्या रेनकोटातला कोणी एक बुटका गडी टोपी ओढून उभा होता. काय टाकत होता! ओट्यावरची माशी हाकलताना ओपल फडकं जसं झटकते, तसं नुसतं मनगट. आमिष पाण्यावर पडल्याचा आवाजही नाही. पाणी फुटलं. तो थांबला. मी इकडे बोटीत ओरडलो, "ओढ की रे!" त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मग ओढलं आणि चांगला चार पौंडी वर आला.

"हा कुठून पैदा केला यांनी?" मी विचारलं.

वेंडेलने खिशातून यंत्र काढून कानात घातलं, रेनकोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुला खरंच ओळखू येत नाही?"

"मी कसा ओळखणार? बाहेरून भाड्याने आणलेला दिसतोय."

वेंडेलने यंत्र परत खिशात ठेवलं.

२९ ऑक्टोबर, गुरुवार. पाणी ६३.

बेडूक शोधत होतो म्हणून ओपलचं बायबल उघडलं. तिथे बेडूक कसा असेल, हे मला आता सुचतंय.

आत, रूथच्या पुस्तकापाशी, बसचं तिकीट होतं. रविवार, ८ नोव्हेंबर. पिकेट्स फेरी ते मोबील. मोबीलला तिची बहीण आयर्मा राहते. तिकीट फक्त जायचं आहे. परतीचं मी रूथपासून शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत शोधलं, नाही. पलंगाखालची बॅग बाहेर काढलेली आहे. परवा मी विचारलं होतं, "ही बॅग—" आणि मीच म्हटलं, "हवा लागावी म्हणून."

ओपल मला सोडून चालली आहे का? माझी जेवणाची वासना गेली आहे. नव्या फ्रिजमधून चार उकडलेली अंडी खाल्ली, पण चव लागली नाही.

१ नोव्हेंबर, रविवार. पाणी ६१.

तीन दिवस विचार केला आणि कारण सापडलं.

आज पुन्हा ती काचेबाहेर रांगेत उभी होती, वारा सुटलेला, हात काखेत दाबलेले. माझी जागा खिडकीजवळ. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी कॉब्लरची वाटी बाजूला सारली. कसली बायको हे सहन करील? ऑगस्टपासून दर रविवारी सव्वाबारा! कोरडी कोंबडी! कोणीही मोबीलला जाईल.

म्हणजे शनिवारी मेथडिस्ट जिंकले तर ओपल पावणेबाराला सुटेल, तिला कॉब्लर मिळेल आणि ती थांबेल. आणि ते जिंकायचे तर मी हरलं पाहिजे. पण अख्खं बाप्टिस्ट चर्च माझ्या भरवशावर आहे. इकडे आड तिकडे विहीर. ब्रदर लॅनींचं प्रवचन आज नेमकं येशूला दगा देणाऱ्या यहूदावर होतं आणि ते मला तरी पुष्कळ लांबलं.

तिला सरळ विचारायचं मनात आलं. स्वयंपाकघरात गेलो. "ओपल, तू—" म्हटलं. ती भांडी घासता घासता थांबली, वळली आणि वाट बघत उभी राहिली. मला तशी सवय नाही. "—मीठ संपलंय का?" म्हटलं आणि बाहेर आलो.

६ नोव्हेंबर, शुक्रवार. पाणी ५९.

ठरलं. हरायचं. वेंडेललाही सांगायचं नाही. मासा आला तरी काठी हलवायची नाही, नुसतं दगडासारखं बसायचं. देवा, माझ्या चर्चला क्षमा कर, म्हणजे मला कर.

७ नोव्हेंबर, शनिवार. पाणी ५८. बारीक पाऊस.

नीट लिहितो, क्रमाने.

सव्वासहाला पहिला मासा उसळला. मी ठरवल्याप्रमाणे काहीच केलं नाही. हात मांडीवर, काठी ढिली, नजर झाडांकडे. आणि काठी आपली आपण वाकली. मासा स्वतःच गळाला लागला होता. वेंडेल मागून ओरडला, "अरे वजन लागलंय, ओढ!" अडीच पौंड.

सात वाजता दुसरा. मी नाक शिंकरत होतो. सव्वासातला तिसरा. आमिष पाण्यावर सोडून मी सँडविच सोडायला घेतलं होतं, तरी गळाला लागला. पन्नास वर्षांत माझ्यामागे मासे असे लागले नव्हते. जितकं मी दुर्लक्ष करावं तितके ते येऊन चिकटत होते. दहापर्यंत पाच झाले, एकाहून एक जड. वेंडेलच्या डोळ्यांत पाणी. "हॉलिस, तू थांबायला शिकलास!" माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण माझं कारण वेगळं होतं. मी जिंकत होतो आणि बॅग दाराशी उभी होती.

साडेअकराला हिकरी ओढ्याच्या आतल्या टोकाला दोन्ही बोटी समोरासमोर आल्या. मागच्या खुर्चीत पास्टर गेल. पुढे पिवळा रेनकोट. त्याने टाकलं, आणि पाण्यावर जे फरफर करत चाललं त्याला लाल डोकं आणि शेपटीला एक पंखा होता. आबांचा बेडूक.

"चोर!" म्हणायला मी उठलो. तेवढ्यात वाऱ्याने रेनकोटाची टोपी मागे पडली आणि आतून पांढऱ्या केसांची वेणी बाहेर आली. ती वेणी मी चौतीस वर्षं रोज सकाळी बघतो.

बूट, अंगठा, तालीम, सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि मी मटकन खाली बसलो.

"आत्ता कळलं?" वेंडेल म्हणाला.

त्याच क्षणी पाणी फुटलं. केवढा मासा! बेडूक हातभर वर उडाला आणि पुन्हा पाण्यावर पडला. चुकला होता. ओपल हलली नाही. बेडूक नुसता तरंगत होता, भोवतीची वर्तुळं पसरत होती. "ओढ" माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आयुष्यात कशासाठी एवढी ताकद लावली नव्हती. वर्तुळं विरली. पाणी सपाट झालं. ती थांबलेलीच. मग पाण्याला नुसता खळगा पडला, बेडूक दिसेनासा झाला, दोरी ताठ झाली आणि ओपलने ओढलं.

धक्क्यावर काटा लावला. आमचे पंधरा पौंड दोन औंस. त्यांचे पंधरा पौंड नऊ. मासे परत पाण्यात सोडले. मी हरायला गेलो होतो ते जमलं नाही, आणि मग हरलो. ब्रदर लॅनी इतकंच म्हणाले, "वर्षभर सव्वाबारा, हॉलिस." माझ्या चर्चची माणसं माझ्याकडे पाठ करून उभी होती. मी मात्र ओपलकडे बघत होतो. ती अंगठा चोखत हसत होती.

घरी आल्यावर ती टेबलाशी बसली. म्हणाली, "हॉलिस, मला—"

मी तोंड मिटलं. आत नव्या फ्रिजचा आवाज, पडवीत जुन्याची घरघर. मी अकरापर्यंत मोजलं.

"काय झालं तुला? बरं वाटत नाहीये का?"

"थांबलोय."

"कशासाठी?"

"वजन लागेपर्यंत."

ओपलने खुर्ची जवळ ओढली. मग बोलायला लागली आणि दीड तास बोलली. सगळं लिहीत नाही, वही माशांची आहे. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी बोटीत तिला कंटाळा आला नव्हता. "मला काठी हवी होती. एवढंच म्हणणार होते." फ्रिज नको होता. गाजरं कोणी किसत नाही. बेडूक तिने विचारून नेला होता, "मी तुझं ते जुनं—" म्हणून, आणि मी धुवायला टाक म्हटलं होतं.

"पण मेथडिस्ट का?" मी विचारलं.

"गेलने मला विचारलं, ओपल, तुला काय करायला आवडेल? आणि माझं उत्तर येईपर्यंत ती थांबली. मला उत्तर शोधायलाच पाच मिनिटं लागली, हॉलिस. सवयच राहिली नव्हती. त्या पाच मिनिटांसाठी मी रस्ता ओलांडला."

मला रडू आलं. मी लपवलं नाही.

"उद्या सकाळी बोट काढ," ती उठताना म्हणाली. "मी पुढे बसणार."

तिकिटाचं ती काही बोलली नाही. मी विचारलं नाही. बायबल उघडूनही पाहिलं नाही.

८ नोव्हेंबर, रविवार. पाणी ५७.

निघताना ओपल म्हणाली, "ती बॅग ट्रकमध्ये टाक." मी टाकली.

पहाटे हिकरी ओढा. ओपल पुढच्या खुर्चीत, मी मागे. उष्टं पाणी खरोखर उष्टंच असतं, मी वेंडेलची माफी मागणार आहे. तिला तीन मासे, मला एकही नाही. आम्ही फारसं बोललो नाही. एकदा ती म्हणाली, "ते बघ, तिथे—" आणि मी थांबलो, आणि ती म्हणाली, "—बगळा." मला वाटलं होतं मासा म्हणेल.

दोन्ही चर्चच्या घंटा पाण्यावरूनच ऐकल्या. दोघंही कुठेच गेलो नाही. अकराला मर्लच्या खानावळीत पोचलो. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस खुर्च्या रिकाम्या. असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. मिस मर्ल हात पुसत बाहेर आल्या.

"अगं बाई! आज कुठल्या चर्चचे तुम्ही?"

"मासेवाल्यांच्या," ओपल म्हणाली.

"मग बसा राजांनो. कॉब्लर आत्ता भट्टीतून काढलाय, अजून कोणाचा चमचा लागला नाही."

खिडकीजवळ बसलो. वाफाळती वाटी आली. माझा घास पुढे सरकेना, कारण मोबीलची बस मर्लच्या दारातच थांबते. अकरा वीसला ती आली. दार उघडलं. चालक खाली उतरला, त्याने पाय मोकळे केले, घड्याळ पाहिलं. ओपलने बसकडे पाहिलं, ट्रकमधल्या बॅगेकडे पाहिलं, चमचा खाली ठेवला.

"हॉलिस," ती म्हणाली, "मला वाटतं, मी—"

तिचं वाक्य पुरं करायला माझ्याजवळ एकच शब्द होता आणि तो मला उच्चारायचा नव्हता. मी टेबलाची कड धरली. एक. दोन. चालक पुन्हा वर चढला. तीन. चार. त्याने आत कोणाशी तरी काही बोलून इंजिन सुरू केलं. पाच. ओपल अजून खिडकीबाहेरच बघत होती. सहा. सात.

"—अजून एक वाटी घेईन," ओपल म्हणाली.

बस गेली. मी मिस मर्लना हाक मारली.